थोडी वूले हवीच

प्रिय ब्लांका,

आलुबुखाऱ्याचा मुरंबा झाला, तुझ्या बरण्या वेगळ्या काढल्यात. विकायचं घर बघायला शनिवारी माणसं येणार, तळघर रिकामं करून ठेव, असं तू फोनवर सांगितलंस. मी खाली गेलेही. पण लेथशेजारी तो अर्धवट प्रेस दिसला. जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या पुस्तकांची पानं सुटतात, म्हणून बांधणीसाठी तुझे बाबा तो करत होते. स्क्रू झाला, हँडल झालं, दोन खांबांतल्या खाचा राहिल्या. त्या पाडायला मिलिंग मशीन लागतं. ते नव्हतं, म्हणून बाबा कानशीनं घासत बसायचे आणि म्हणायचे, "मशीन येईपर्यंत जरा हळू वाच, बाई." मशीन आलं नाही, आणि ते गेले. ते दोन खांब भंगारात टाकायला माझा हात उचलेना. मग मी मशीनच बघायला निघाले.

आधी दुकानात गेले. विक्रेत्यानं एक नवंकोरं, चकचकीत मशीन दाखवलं. "मावशी, दोघांनी सहज उचलतं. फ्लॅटमध्येसुद्धा मावेल." फ्लॅट म्हटल्यावर ब्रनोला तू माझ्यासाठी रंगवलेली खोली डोळ्यांसमोर आली. क्षणभर वाटलं, हेच घ्यावं, म्हणजे तुझंही मन राहील आणि प्रेसही होईल. पण चालू केल्यावर ते थरथरलं. बाबा सांगायचे, हलक्या मशीनची थरथर लोखंडावर कायमची उमटते. मी पर्स उचलली आणि निघाले.

मग वरच्या गावच्या म्हाताऱ्या स्कोपालकडे गेले. डोळे अधू झाल्यामुळे तो आपलं जुनं बिडाचं मशीन विकतोय. मला बघून म्हणाला, "नवऱ्याला पाठवायचंत की." म्हटलं, "पाठवलं असतं, पण तो कबरस्तानात आहे. तिथून सुट्टी मिळत नाही." मी मशीनचं टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, हँडल पुढे फिरवलं, मग उलटं फिरवलं. उलटं फिरवताना ते आधी थोडं नुसतंच फिरलं, मग टेबल हललं. "वूले आहे," मी म्हटलं. त्यानं डोळे बारीक केले. "हे कुणी शिकवलं?" "ज्याला सुट्टी मिळत नाही, त्यानंच." तेव्हा कुठे हसला, आणि आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली काढली. "आवळून देऊ का वूले?" मी म्हटलं, "बेतानं. पार काढू नका, अडकेल."

बाबांचा तो विनोद आठवतो ना? आपल्या चेक भाषेत माणसाच्या मनाचा निर्धार ती वूले, आणि यंत्राच्या दोन भागांमधली मोकळी फट तीही वूलेच. म्हणायचे, वूले फार झाली तर मनमानी, अजिबात नसेल तर सगळं ठप्प, मशीन असो की बायको. बाबा वकिलाकडे 'शेवटची वूले', म्हणजे मृत्युपत्र, लिहायला गेले, तेव्हा त्यालाच विचारलं, "किती मिलिमीटरची लिहू?" तू रागावली होतीस. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

स्कोपालचं मशीन मी घेतलं. ते एकदा तळघरात उतरलं की पुन्हा वर यायचं नाही, ब्रनोच्या तिसऱ्या मजल्यावर तर नाहीच. हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी हात पुढे केला. तेव्हा शनिवारच्या माणसांना येऊ नका म्हणून सांग. त्या दिवशी मशीन येतंय. तूही ये, जुने हातमोजे घेऊन ये, पायऱ्यांवर फळ्या धरायला कुणीतरी लागेल. तुझ्या निळ्या खोलीत मी राहीन, पण पाहुणी म्हणून, थंडीत. फोनवर तू म्हणालीस, "आई, तुझ्यात आता वूलेच उरली नाही." काळजीनं म्हणालीस, मला कळलं. पण दिशा बदलली की हँडल आधी थोडं नुसतंच फिरतं, ब्लांका. टेबल जागचं हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मोडलं. फिरवत राहायचं असतं. माझंही तेवढंच झालं होतं.

तुझीच,
आई