आवाज बंद करून पाहिलेले चेहरे

३ फेब्रु.
नव्या नोकरीला आठवडा झाला. गुरुग्राम, संशोधन संस्था, सातवा मजला. जोडपी येतात, कॅमेऱ्यासमोर बसून त्यांच्या नेहमीच्या भांडणावर बोलतात. ते रेकॉर्डिंग मी आवाज बंद करून बघायचं आणि चेहऱ्यांवर काय येतं ते नोंदवायचं. राग, दुःख, भीती, तुच्छता. आज एका बाईच्या चेहऱ्याला 'राग' लिहिलं. आमच्या प्रमुख मॅडमनी खोडलं. "गुस्सा नहीं है ये. होंठ देखो, एक ही कोना ऊपर गया है." म्हणजे तुच्छता. रागावलेल्याला समोरच्याकडून अजून काही हवं असतं, म्हणाल्या. तुच्छ लेखणाऱ्याला काहीच नको असतं. अशी लग्नं सहसा टिकत नाहीत म्हणे.
घरी आठ वाजले. विनयने वरण-भात केला होता. मीठ कमी. बोलले नाही.

११ फेब्रु.
मेट्रोतले चेहरेसुद्धा वाचत बसते. सुटतच नाही.
जेवताना वि. ऑफिसचं काही सांगत होता. मी त्याच्या भुवया बघत होते. मध्येच थांबला. "शुभा, मी आत्ता काय म्हणालो?" मी भुवयांवरून नजर काढली. "मला तपासू नकोस गं. ऐक नुसतं."
ईरा: "तपासू मतलब?"
लेकीच्या ताटात भात वाढला.

२२ फेब्रु.
ईराचा वाढदिवस. नऊ पूर्ण. दिल्लीतलं, लक्ष्मीबाई नगरचं आमचं सरकारी क्वार्टर माणसांनी भरलेलं. वि.ने पेढ्यांचा किस्सा सांगितला. दोन वर्षांपूर्वी प्रमोशनची यादी लागायच्या दिवशी हा पेढे घेऊन ऑफिसात गेला, आणि यादीत नाव नाही. "आणलेच होते, मग काय, वाटले!" सगळे हसले. नणंद व्हिडिओ काढत होती. केक चांगला होता. पाय दुखतायत.

२४ फेब्रु.
नणंदेने व्हिडिओ पाठवला. इअरफोन घरी राहिलेले, म्हणून मेट्रोत आवाज बंद ठेवून पाहिला. सगळे हसतायत. मीही.
पुन्हा पाहिला.
मी हसत नाहीये. ओठाचा डावा कोपरा, फक्त डावा. सवयीने मनात शब्द उमटला, तुच्छता, आणि मग कळलं, चेहरा कोणाचा. एकदाच नाही. वि. बोलायला लागला की दरवेळी. एकदा तर तो माझ्याकडेच बघत असताना.
स्टेशन चुकलं.

२ मार्च
मॅडमना विचारलं, "ओळखीच्या एका बाईबद्दल" म्हणून. इथवर आलेलं माणूस परत फिरतं का? "कुछ लौटते हैं. क्यों लौटते हैं, हमें कम पता है." मग थोड्या वेळाने, "वो खुद पूछ रही है?"
फाइल उचलून बाहेर आले.

८ मार्च, रविवार
सांगून टाकलं. ईरा खाली खेळायला गेलेली. वि. कपड्यांच्या घड्या घालत होता. फोन पुढे केला, त्याने घेतलाच नाही.
"माहीत आहे मला. पेढ्यांच्या दिवसापासून. घरी आणलेला उरलेला पेढा तू तोंडात टाकलास आणि असंच बघितलंस."
दोन वर्षं!
"मग तोच किस्सा सगळ्यांना का सांगत फिरतोस?"
"वाटतं, एकदा तरी तू खरंच हसशील."
आणि पुन्हा घड्या. ईराचा फ्रॉक, माझी ओढणी. मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. त्याचीच भीती वाटतेय.

१९ मार्च
वि.ने बदली मागितलीय. नागपूर. अर्ज जाऊन आठवडा झाला, मला आज सांगितलं.
"एकट्याची की..."
"अर्ज माझाच असतो, शुभा. बाकीचं तू ठरव."
आवाजात चीड नव्हती. असती तर बरं वाटलं असतं.

२७ मार्च
ऑर्डर आली. मे अखेरीस रुजू व्हायचं.
सकाळी बूट घालता घालता वि.ने विचारलं, ईराची टीसी काढायची का? "संध्याकाळी सांगते." संध्याकाळी तो आला, चहा झाला. त्याने पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. आता गॅलरीत ईराला भागाकार शिकवतोय. ती चुकतेय, तो हसतोय.
शाळेचा टीसीचा फॉर्म टेबलावर आहे. सगळं भरलंय त्याने, स्वतःची सहीसुद्धा. आईच्या सहीची जागा रिकामी. दोनदा उचलला. ठेवला.