परवाना न लागणारं घर

बाळ गोन्पो,
तीन वर्षं झाली, तुझी रजा काही मंजूर होत नाही. तुझ्या आईकडून हेच ऐकून ऐकून माझे कान किटले.

मी मजेत आहे. काल एक परदेशी पोरगी एकटीच आपल्या तागोंगला आली. सोबत ना वाटाड्या, ना परवाना. म्हणाली, "आजी, ल्हासाला जायला आम्हा परदेश्यांना सरकारी कागद लागतो, इथे नाही लागत." लोणीचहाची वाटी रिकामी दिसली की आपण भरतो, हे तिला कुठलं ठाऊक! माझा मान राखायला ती संपवत गेली, मी भरत गेले. नवव्या वाटीला रडवेली झाली, "आजी, पोट फुटेल!"
"मग उरव की गं थोडा!"
दोघी पोट धरून हसलो.

ती बिनकागदाची आली. तुला आजीकडे यायला कुणाचा शिक्का लागतो रे?

हे पत्र धाडत नाही, सातूच्या डब्यात ठेवते. इथे येऊन वाच आणि उत्तर तूच दे. तुझ्या आईच्या तोंडून नको.

तुझी आजी,
यांगझोम