वसईहून येणारा महापुरुष

६ जाने. २००६, शुक्र.
सकाळपासून घरापुढची ओटी माणसांनी भरलेली. शुक्रवारी भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, त्यामुळे गावातले झाडून सगळे फुटबॉलतज्ज्ञ हजर. चहाचं आधण उतरवायला फुरसत नाही. हे क्लबचे अध्यक्ष, म्हणून खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. विषय एकच. या महिन्यात आपल्या मैदानावर स्पर्धा आहे आणि यंदा आपल्या क्लबकडून विन्सी खेळणार. एकेकाळी देशाकडून खेळलेला, पेपरात फोटो येणारा विन्सी. हल्ली वसईला असतो. बातमी जगनने आणली. जगन गोडाऊनवाल्यांना जमिनी मिळवून देतो. आता माणसांचीही दलाली करू लागला.
‘नव्वद टक्के काम झालं, दादा. फक्त त्याचं हो म्हनायचं बाकी हाय.’
मग झालं काय, असं एकानेही विचारलं नाही. उलट टाळ्या.
इथे त्याला म.पु. लिहीन. महापुरुष. पूर्ण नाव लिहिण्याइतका त्याचा-माझा परिचय नाही.

८ जाने., रवि.
ओटीवर कुणाला आठवलं नाही, म्हणून लिहून ठेवते. नऊ नंबरची जर्सी आमचा मंगेश घालतो. दाढी नीट फुटली नव्हती तेव्हापासून. आता एकतीस. गुडघा दुखतो, तो लपवतो, मी लपवू देते. हे शेवटचं वर्ष, असं शीतलला म्हणाला. (सून. मला काही सांगायचं असलं की तो तिला सांगतो.) क्लब आजवर फायनलला गेलेला नाही. एकदा फायनल खेळायची आणि बूट ठेवायचे, एवढंच त्याचं.
ह्यांना विचारलं, म.पु. आले तर मंगेश कुठे खेळणार?
पेपरातून मान वर नाही. ‘तो समजून घेईल.’
समजून घेणाऱ्या मुलांचं हेच होतं. ओहोटीला खाजणात चेंडूमागे धावायचा, गुडघ्यापर्यंत चिखल. मी काठावरून हाका मारायची आणि तो हात वर करून ‘एकच गोल, आई’ म्हणायचा. तो एकच गोल कधी संपला नाही.

११ जाने.
जगन वसईला जाऊन आला. म.पु.नी त्याला चहा दिला, ही आजची प्रगती. बिस्किटंही होती, असं दोनदा सांगितलं.
‘म्हणाले काय?’ मी दारातून विचारलं.
‘बघतो म्हनाले, काकी.’
‘बघतो’चे अर्थ लावण्यात दिवेलागण झाली. ह्यांच्या मते मोठी माणसं हो असं तोंडाने म्हणत नाहीत.

१४ जाने., शनि., संक्रांत
आज सगळ्यांनी मिळून जो गाढवपणा केला, तो दुसऱ्या गावाला जमला नसता.
स्पर्धेआधी जर्स्या गावदेवीपुढे मांडतात. धर्माकाका एकेकाचं नाव घेऊन नारळ फोडतात. ज्याच्या नावाचा नारळ, त्याचीच ती जर्सी, स्पर्धा संपेपर्यंत. दुसऱ्याने अंगात घालायची नाही. ज्याचं नाव देवीला सांगितलं नाही, त्याने मैदानात उतरायचं नाही. पूर्वी दोन सख्ख्या भावांची जर्सीवरून डोकी फुटली होती, तेव्हापासूनचा नियम. धर्माकाका तरुणपणी गोलकीपर होते. आता देवीच्या आणि नियमाच्या मध्ये कुणाला जाऊ देत नाहीत.
तर नऊ नंबरचा नारळ म.पु.च्या नावाने फोडला. जो माणूस ‘बघतो’ म्हणाला आहे, त्याच्या नावाने. ह्यांनी फर्मावलं, जगनने जयजयकार केला. आणि मंगेशचं नाव राखीवमध्येही नाही, कारण राखीवच्या दोन्ही जागा गोडाऊनला जागा देणाऱ्यांच्या मुलांना.
मंगेशने स्वतः नारळ उचलून धर्माकाकांच्या हातात दिला. हसत होता. मला त्या हसण्याचा राग आला.
घरी तिळगूळ वाटला. गोड बोलायला जमलं नाही.

१६ जाने.
नाक्यावर बॅनर लागला. ‘हार्दिक स्वागत.’ मधे म.पु.चा जुना फोटो, भरपूर केस असलेला. खाली ओटीवरची सगळी डोकी रांगेत, आणि ह्यांचा फोटो म.पु.च्या फोटोएवढाच, गॉगलसह. ह्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला मी पाहिलेला नाही.

१७ जाने.
आज उगाच शाळा आठवली. माहेरच्या कोन गावाहून बाबांबरोबर पूल ओलांडून कल्याणला चालत जायची. शेतकऱ्याची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये, म्हणून गाव हसायचं. बाबा माझी बॅग खांद्याला लावून ऐटीत पुढे. एकदा बिशप येणार होते. आठवडाभर उन्हात कवायत, पांढरे मोजे, स्वागताचं इंग्रजी गाणं. ते आले, गाडीतूनच हात हलवला आणि गेले. काच खाली केली नाही. आम्ही गाणं तरी पूर्ण म्हटलं, कारण सिस्टर हात खाली घेईनात. धुरळ्याकडे बघून म्हटलं.
तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांच्या होतो. ओटीवरच्यांची वयं लिहीत नाही.

२० जाने., शुक्र.
पहिली मॅच. म.पु. आले नाहीत. वसईहून. वसई काय लंडनला आहे? खारबाव स्टेशनला उतरलं की रिक्षा.
नियम तो नियम: राखीवने जखमीच्या जागी उतरायचं, न आलेल्याच्या नाही. नऊ नंबर देवीपुढे घडी घातलेला, आमचे दहा जण मैदानात. मंगेश शर्ट-पँटमध्ये, पाण्याच्या बाटल्या घेऊन. कुणी तरी म्हणालं, आत्ता एक नारळ फोडा मंगेशच्या नावाने. धर्माकाका: ‘देवीला काय रोज नवी नावं सांगायची? ती काय मतदार यादी हाय?’
जिंकलो. समोरच्या बॅकने बावचळून आपल्याच गोलात चेंडू मारला. रात्री ओटीवर निष्कर्ष असा की म.पु. येणार या धसक्याने तो बावचळला. म्हणजे गोल म.पु.चाच.
ह्यांनी मान डोलावली. मी भांडी जरा जोरात आपटली.

२३ जाने.
दुपारी मागच्या पडवीत कपडे काढायला गेले. मंगेश चिंचेखाली मोबाइलवर. ‘हां सर. नाही सर, ग्राउंड चांगलं आहे. खडे आम्ही वेचलेत. तुमचा गुडघा आता कसा आहे, सर?’
मला बघून फोन ठेवला.
मला वाटत होतं, ही सगळी जगनची आणि ह्यांची उठाठेव. खोदून विचारलं, तर तसं नाही. दिवाळीपासून हा फोन करतो आहे. नंबर ह्यानेच मिळवला, जगनला ह्यानेच पाठवलं.
‘स्वतःची जागा घालवायला?’
‘आई, ते आपल्या मैदानावर धावतील. तुला कळत नाही.’
‘आणि तू बाटल्या धरशील.’
‘धरीन की.’
‘फायनल खेळायची होती ना तुला?’
त्याने दोरीवरचे कपडे मलाच काढून दिले, घड्या करून. त्याच्या घड्या शीतलपेक्षा चांगल्या असतात. चौथीत असताना पेपरातला म.पु.चा फोटो कापून कपाटाच्या आत लावला होता त्याने, मीच खळ करून दिली होती. विसरले होते.
सगळे मूर्ख असतील, तर माझाच मुलगा का नसावा, असं म्हणून पाहिलं. जमलं नाही.

२७ जाने., शुक्र.
सेमीफायनल, भिवंडीच्या लूमवाल्यांशी. शुक्रवार, त्यामुळे सगळी वस्ती लोटली, भिंतींवर माणसं. म.पु. नाहीत. पुन्हा दहा जण. बरोबरी, मग पेनल्ट्या, आमच्या गोलकीपरने दोन अडवल्या. क्लब पहिल्यांदा फायनलला.
मंगेश नाचत होता. बाटल्या हातातच.
त्यांचे कॅप्टन अन्सार मास्टर, लूमवर मास्टर आहेत, हरल्यावरही येऊन भेटले. ‘आंटी, आपके विन्सीभाई कब आएँगे? सच बोलूँ तो हमारे लड़के भी उन्हीं को देखने आए थे।’
म्हणजे रोग गावापुरता नाही.
फायनल पुढच्या शुक्रवारी. ओटीवर फटाके. ह्यांनी भाषण केलं: विन्सीभाईंच्या नेतृत्वाखाली आपण इथवर आलो. खरंच डोळ्यांत पाणी होतं. यांच्याशी संसार केला मी.

३० जाने.
धर्माकाकांकडे गेले. एकटी. म्हटलं, फायनलला तरी मंगेशला उतरवा. देवी बाईमाणूस आहे, तिला आईचं कळेल.
अंगणात जाळं विणत होते. ‘सूनबाय, तू कॉन्वेंटची. तुझी देवी तुझं ऐकंल. आमची नारल ऐकते.’
‘मग काहीच वाट नाही?’
जाळ्याची एक गाठ आवळली. ‘हाय. ज्याचा नारल, त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, मी येत न्हाय, माझी जर्सी अमक्याला द्या. मंग देवी मोकली. आमच्या वक्ताला असं एकदा झालंय.’
एवढंच. एक स्पष्ट ‘नाही’.
घरी येऊन मंगेशला सांगितलं. आज फोन कर, विचार, नाही म्हणाले की तू खेळ.
‘विचारतो.’
जेवताना: ‘विचारलंस?’
‘गुडघ्याचं बोलत होते. मधे कसं विचारणार?’
तो विचारणार नाही. नाही ऐकायचंच नाही त्याला. फायनलपेक्षा त्याला ते ‘बघतो’ प्रिय आहे.

१ फेब्रु.
ओटीवर हार कुणी घालायचा यावर भांडण. दोन हार ठरले. जगन म्हणतो आता पंच्याण्णव टक्के.

२ फेब्रु., गुरु.
नंबर शीतलने मंगेशच्या मोबाइलमधून काढून दिला. ‘मी दिला असं सांगू नका, आई.’ दुपारी सगळे मैदानावर चुना मारायला गेले तेव्हा घरच्या फोनवरून लावला.
मनात पाठ केलं होतं. इंग्रजीत सुरुवात केली. शाळेतलं इंग्रजी अशाच वेळी उपयोगी पडतं, आवाजाला कणा येतो. समोरून मराठीत उत्तर आलं. थकलेला, सभ्य आवाज. मागे कुकरची शिट्टी.
‘मंगेशच्या आई का? बोला ना.’
म्हटलं, उद्या फायनल आहे. तुम्ही येणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा. एक शब्द हवा आहे.
ते म्हणाले, ‘पहिल्या फोनलाच नाही म्हणणार होतो. वय झालं, पोट सुटलं. पण नाही म्हटलं असतं तर पोराचा फोन बंद झाला असता. मला आता कुणी फोन करत नाही, बाई. तो माझे जुने गोल मला सांगतो. काही मी विसरलो होतो.’
आता म्हणायचं होतं: मग आता तरी नाही म्हणा. ओठांवर होतं. मी म्हणाले काय? म्हणाले, ‘त्याचं शेवटचं वर्ष आहे. त्याने सांगितलं नसेल तुम्हाला.’
त्यांना नव्हतं सांगितलं. वाटलं, आता येईल तो शब्द.
‘मग मी येतोच,’ ते म्हणाले. ‘त्याच्यासाठी एकदा आलं पाहिजे. सकाळच्या गाडीने. बूट मात्र नाहीत माझ्याकडे, देऊन टाकले. आठ नंबर मिळतील का?’
बुटाचा आठ नंबर मंगेशचाच.
नाही आणायला गेले आणि हो घेऊन आले. ओटीवरची सगळी टोळी महिनाभरात जे करू शकली नाही, ते मी एका फोनमध्ये केलं. त्यांना काय म्हणून हसू आता.
संध्याकाळी मंगेशला सांगितलं. जर्सीचं, नारळाचं, त्याच्या फायनलचं काही बोलले नाही. त्याने माझे हात धरले. तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज: ‘मी म्हणत होतो ना?’

३ फेब्रु., शुक्र.
सकाळी. ओटीवर हारांना पाणी मारणं चालू. हे नव्या सफारीत, बोलत नाहीत, दर थोड्या वेळाने रस्त्याकडे. जगन सांगतो आहे की आता शंभर टक्के. बॅनर वाऱ्याने एका बाजूने सुटला, तो बांधायला कुणी नाही, सगळे वाट बघण्यात.
मंगेश पहाटेच खारबावला गेला, मोटारसायकलवर. बूट काल रात्री स्वतः पॉलिश केले, पिशवीत घालून नेले. देताना पायाला नीट बसतात का बघ, म्हटलं. ‘बघतो’ म्हणाला.
मघाशी मागे गेले. दोरीवर त्याची खेळायची चड्डी आणि मोजे होते, काल मीच धुऊन टाकलेले. नाहीत. शीतलला विचारलं. ती म्हणाली, मी नाही काढले.
मग चिमटे मोजत असल्यासारखी तिथेच उभी राहिले. म.पु.नी फक्त बूट मागितले होते, आणि धर्माकाकांनी सांगितलेली वाट मंगेशलाही ठाऊक आहे.
वसईची पहिली गाडी येऊन गेली असणार. फोन वाजला नाही. मी लावणार नाही. भात टाकला आहे, दोन माणसांचा जास्त. कोण जेवेल कोण जाणे, खेळायच्या आधी फार जेवू नये म्हणतात.
गाडीचा आवाज येतो आहे, मंगेशच्या. मागे कुणी बसलंय का ते इथून दिसत नाही. उठून बघते.