कृपया हात लावू नये

तीर्थस्वरूप मामांना, भाचीचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवली असेल, तर पाठीला.) गुडघा कसा आहे? माझं नाव निघालं की मामी अजून भांडी आपटते का?

ज्या हॉटेलात तुम्ही एकतीस वर्षं लिफ्ट चालवलीत, तिथेच मी 'वारसा अधिकारी' म्हणून लागले, तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात, आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून. मालकांनी हॉटेल नव्याने सजवलं. पंचवीस खोल्यांच्या नऊ केल्या, भिंतींचा जुना रंग खरवडून जुना दिसेल असा नवा रंग दिला. लिफ्ट भंगारात जायची होती. मी तीन बैठका भांडून ती वाचवली. (तेव्हा वाटलं, शिक्षणाचं चीज झालं.) तुमचं स्टूलही पॉलिश करून आत ठेवलं, वर माझ्या हातची पाटी: 'लिफ्टचालकाचे आसन. कृपया हात लावू नये.'

उद्घाटनाला तुम्ही कडक इस्त्रीचा सदरा घालून आलात, लिफ्टमध्ये शिरलात आणि सवयीने स्टुलावर बसलात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. (त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.) पहारेकरी ओरडला, "ओ आजोबा, उठा! जुनी वस्तू आहे ती!" तुम्ही म्हणालात, "अरे, मी तिच्याहून जुना," आणि हसून माझ्याकडे बघितलंत. मालकांनी मला विचारलं, हे कोण? मी म्हणाले, पूर्वीचे कर्मचारी असावेत.

असावेत! मामा, आई गेल्यावर ज्यांनी मला वाढवलं, ते 'असावेत'! आणि कॉलेजात मी माणसाच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहून पहिलं बक्षीस घेतलं होतं. तुम्ही उठलात, स्टूल रुमालाने पुसलंत आणि पायऱ्या उतरून गेलात. काही मागायला लिहीत नाही, फक्त क्षमा करा.

तुमची,
भाची

ता. क. लिफ्ट सकाळपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे. मिस्त्री म्हणतो, लिफ्ट चालवायचा दांडा फक्त जुन्या लिफ्टवाल्याचं ऐकतो.

ता. क. २. आत मालक आहेत. मीही आहे. हे पत्र लिफ्टच्या जाळीतून हॉटेलच्या आचाऱ्याच्या हाती देणार आहे.

ता. क. ३. तुम्ही माझे मामा आहात हे मालकांना सांगितलं. मग जाळीला तोंड लावून सगळ्या मजल्यांना ओरडून सांगितलं. पाहुणे खोल्यांतून बाहेर आले. मालकांना बाहेर काढल्यावर मला काढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.