आज गर्भदेव बाहेर

२ एप्रिल
लुकांगला, सासरी पोचले. सासूबाईंचं घर लांबट आणि थंडगार आहे, माझी खोली मधली. बॅग ठेवते न ठेवते तोच त्यांनी कालवं घातलेल्या शेवयांचा वाडगा पुढे केला. दोन वाडगे खाल्ले. चौथा महिना, वय त्रेचाळीस, शाळेला लांब रजा. नवरा, थिंग-वेई, तैपेईहून दर शनिवारी येईल. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

४ एप्रिल
सासूबाई रोज सकाळी भिंतीवरच्या पंचांगातून गर्भदेवाचा मुक्काम वाचतात. हा पोटातल्या जिवाचा राखणदार. एक दिवस दारात, दुसऱ्या दिवशी चुलीत, तिसऱ्या दिवशी पलंगात. तो असेल ती वस्तू हलवायची नाही, तिथे खिळा ठोकायचा नाही, नाहीतर घाव मुलाला बसतो. आज तो चुलीत होता. म्हणाल्या, सुनेला सुट्टी देणारा हा एकच देव, त्याला नावं ठेवू नकोस. जाऊबाई सिऊ-लुआन म्हणाल्या, माझ्या वेळी मेला नेमका धुण्याच्या ढिगात कधीच बसला नाही. खूप हसलो.
मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. तरी दिवसभर चुलीला हात लावला नाही. का, असं स्वतःला विचारलं. सासूबाईंच्या मनासाठी, असं उत्तर आलं. ते पूर्ण खरं नाही.

९ एप्रिल
आठ वर्षांपूर्वी पोटातलं मूल गेलं त्या आठवड्यात घरात काही ठोकलंबिकलं होतंस का, असं सासूबाईंनी विचारलं. आठवत नाही म्हणाले. आठवतं. रविवारी पुस्तकांच्या फळीसाठी उत्तरेच्या भिंतीला चार भोकं पाडली. मंगळवारी रक्त. डॉक्टर म्हणाल्या होत्या, गुणसूत्रांचा दोष, तुमचा नाही. हेच मी वर्गात शिकवते.
दुपारी सासूबाईंच्या कपाटातून त्या वर्षीचं जुनं पंचांग काढलं. तो रविवार : गर्भदेव खोलीत, उत्तरेला.
फार थकले आहे.

१३ एप्रिल
सासूबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, तुला माहीत नव्हतं गं पोरी, पण आई तूच होतीस. माफी तुलाच मागावी लागेल. देवळात नेलं. तिथल्या भिक्षुणी म्हणाल्या, मुलं कधी सूड घेत नाहीत, आयाच स्वतःवर घेतात. परतताना सासूबाई पुटपुटल्या, तिला काय जातंय बोलायला, तिचं कुठे पोटचं गेलंय.
दोघींचंही पटलं. असं कसं होईल?
देवळात मी त्या गेलेल्या मुलाची माफी मागितली. शेवटी, कुणी सांगितलं नसताना, म्हटलं : ये, माझ्याजवळ ये.

१६ एप्रिल
आजपासून पुढचे बरेच दिवस गर्भदेव घराबाहेर, पूर्वेला. सासूबाई म्हणाल्या, घर मोकळं, हवं ते हलव.
दार लोटायला गेले. लाकूड कोमट लागलं, तापातल्या मुलाच्या कपाळासारखं. दारावर ऊन येत नाही.

१७ एप्रिल
आज दार गार. चूल कोमट. सकाळपासून पेटवलेली नाही. तळहात ठेवला तर आत ठोके. माझे नव्हेत, मोजून पाहिलं. माझ्या दुप्पट.

१८ एप्रिल
सासूबाईंना चुलीवर हात ठेवायला लावला. त्यांना काहीच जाणवलं नाही. म्हणाल्या, जरा पड. मी पुन्हा हात ठेवला, मलाही आज चूल गारच लागली.
मग कुठे गेलं? दार, चूल — पुढे पलंग.

१९ एप्रिल. दुपार
सासूबाई बाजारात. मी पलंगावर. शेजारी चादरीला खळगा पडलाय, लहानसा. उबदार. झोपलंय.
रक्त दिसतंय. थोडं. डॉक्टरांनी बजावलंय, एक थेंब दिसला तरी तडक निघा. फोन टेबलावर, तीन पावलांवर.
पण उठले तर पलंग हलेल. नुसती कूस बदलली तरी हलतो — मागच्या वेळी मला माहीत नव्हतं. आता आहे —
पुन्हा रक्त. जास्त. पोटातल्यासाठी उठायलाच हवं. उठते.
शेजारच्या याने माझं बोट धरलंय. घट्ट नाही. हळूच सोडवलं तर कदाचित जागं न होता —