पंख्याची खडखड गेली

मंगळवार, संध्याकाळ

आज मुक्ताचा बंगळूरहून फोन आला आणि लगेच संपला. अंतराळयानातल्या राहायच्या खोलीत पंख्यांचा आवाज कमी करणं, हे तिचं काम. तिथे पंखा बंद ठेवून चालत नाही, सोडलेला श्वास तोंडापाशीच साचतो म्हणे.

दर फोनला माझ्या हॉलमधल्या पंख्याची खडखड ऐकून मला झापायची. "आई, हा यानात चालला नसता!"

"इथे कोपरच्या घरात चालतोय ना?"

मग अर्धा तास वाद. शेवटी तिचंच ऐकलं, काल बेअरिंग बदलून घेतलं. काय घाई होती?

आज म्हणाली, "वा, खडखड गेली! ठेवू मग?"

ठेव म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट अजून खडखडतो. पुढचा फोन तिथूनच घ्यावा.