साबण आणि टॉवेल

२६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, त्यातले अर्धे आईचे, तेव्हा जपून वापर.

पत्र लांबवत नाही. आई आता उठत नाही. पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी तिची खाट आणली आहे, कारण मशीनचा आवाज थांबला की ती घाबरते. लोकांच्या पँटी आखूड करता करता मी तिला पाणी पाजते. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून जातात. त्यातून काय समजायचं ते मी समजले, तूही समज.

तिची एकच मागणी आहे, तुला बघायचं. तू आलीस की तिला उठवून खुर्चीत बसवायचं आणि निळा स्वेटर घालायचा, अशी मला ताकीद आहे. लेकीला पडून भेटणार नाही म्हणते. स्वेटर धुऊन खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला आहे. विमानाने ये. कान दुखतात वगैरे सांगू नकोस, कान दोन आहेत, आई एक आहे.

साहेबांना नमस्कार. लोभ आहे, पण सध्या घाईत आहे.
तुझी ताई

४ मार्च, गाडीतून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

निघाले गं बाई! तुझं पत्र आलं तेव्हा आमची या गाडीची तिकिटं हातात होती. यांच्या निवृत्तीनिमित्त वर्षभरापूर्वी केलेलं आरक्षण. आणि योगायोग बघ, देश आडवा ओलांडून गाडी शेवटी तुमच्याच शहरात येते. चौदा तारखेला पोचते. हे म्हणाले, एका दगडात दोन पक्षी.

काय गाडी आहे ताई! आमच्या डब्यात खराखुरा आंघोळीचा टब आहे. भिंतींना असं लाकूड की त्यात तोंड दिसतं. जेवायला कपडे बदलून जावं लागतं, एक बाई पियानो वाजवते, आणि पांढऱ्या हातमोज्यांचा सेवक रोज उशी वेगळ्या आकारात रचून ठेवतो. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, हीच म्हणे या गाडीची श्रीमंती. पत्रं मात्र मुक्कामाच्या स्टेशनांवर घेतात आणि तबकात ठेवून आणून देतात. यादी सोबत जोडली आहे, त्या त्या पत्त्यावर लिही.

सारखी बाबांची आठवण येते. आयुष्यभर इंजिन चालवलं, पण मागच्या डब्यात काय असतं ते कधी पाहिलं नाही. आईला सांग, बाबांच्या वाटचं मी बसून घेतेय. ती हसेल.

खुर्ची तयार ठेव. लोभ वाढवायला सवड असेल तर वाढव.
तुझी चिमणी

६ मार्च

चि. सौ. चिमणीस,
आशीर्वाद आहेत. बाकीचं पुढे वाच.

एका दगडात दोन पक्षी, त्यातला एक पक्षी आई. वा! साहेबांचा नेम चांगला आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. उशीच्या आकारांच्या ओळीपाशी हसली खरी. पण तू गाडीत बसलीस हे कळल्याबरोबर तिने आपला जुना नियम काढला. गाडीतल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. बाबा इंजिनावर असले की घर जळो नाहीतर बुडो, शेडमधल्या लोकांनीसुद्धा त्यांना सांगायचं नाही. लिव्हरवरचा हात थरथरला तर मागचे शेकडो लोक जातात. गाडी सोपवून बाबा खाली उतरायचे, नळावर हात धुवायचे, आई टॉवेल द्यायची, आणि हात कोरडे झाले की मग बातमी. आपला धाकटा बाळ्या तापाने गेला तेव्हासुद्धा तसंच झालं. आपण दोघी तिथेच उभ्या होतो.

आता मला बजावलंय, ती गाडीत आहे, तिला काही कळवू नकोस. मी म्हटलं, अगं, ती इंजिन चालवत नाहीये, टबमध्ये बसली आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हे तिच्या नकळत लिहितेय. ती अजून आहे, तेव्हा ही बातमी नाही, तक्रार आहे.

नीट ऐक. आठ तारखेला तुम्ही मोठ्या जंक्शनला थांबाल. तिथून संध्याकाळची साधी मेल पकड, ती नऊला सकाळी इथे येते. तुमची दिमाखदार गाडी लांबचा वळसा घेते, मुक्काम करते, मालगाड्यांना वाट देत साइडिंगला उभी राहते, हे बाबांच्या मुलीला मी सांगायला नको. साहेबांना पियानो ऐकू दे. तू एकटी उतर. डॉक्टर म्हणाले, चौदापर्यंत धरून चालू नका.

आई दर वेळी दार वाजलं की स्वेटर मागते. पँट द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी तिने तीनदा केस नीट करून घेतले. मला बघवत नाही गं.

उतर. लोभाचं मग बघू.
ताई

८ मार्च, जंक्शन सोडल्यावर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तबकात आलं, मी जेवायला निघाले होते तेव्हा. रागावू नकोस, पण उतरणं जमलं नाही. मेलमध्ये जागा मिळेल की नाही कोण जाणे, शिवाय सामान सगळं गाडीच्या मागच्या डब्यात कुलपात, ते काढायला मुक्कामाच्या आधी सांगावं लागतं. यांचे गुडघेही दुखताहेत. यांना एकट्याला सोडून कसं जायचं?

आणि तू जरा वाढवून सांगतेस, हे तुला माझ्याइतकं कोण सांगणार! लहानपणी मला साधं खरचटलं तरी तू गल्ली गोळा करायचीस. आईचं हे चौथं आजारपण. तिन्ही वेळा डॉक्टरांनी असाच खांद्यावर हात ठेवला होता, आणि तिन्ही वेळा ती उठून डॉक्टरांनाच चहा करून देत होती.

नियम मला ठाऊक आहे. म्हणून मी असं धरून चालते, की काही कळलं नाही तोवर सगळं ठीक. आता सहा दिवसांचा तर प्रश्न.

उद्यापासून म्हणे चार दिवस नुसतं सपाट माळरान. काचेच्या छपराचा डबा आहे, त्यात बसून पाहायचं.

लोभ आहे तिथे राग थोडा असायचाच. तो फार ठेवू नकोस.
चिमणी

१० मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे, सामान सोडून येणं कठीणच. साहेबांच्या गुडघ्यांना गरम पाण्याने शेकत जा. जेवण मानवतंय ना? माळरानात संध्याकाळी गार होतं, खांद्यावरून शाल घेऊन बस. काचेच्या डब्यातून छान दिसत असेल.

इकडची काळजी करू नकोस. आई शांत आहे. तिला आता त्रास नाही. तू घाई करू नकोस, सावकाश ये. मी चौदाला स्टेशनवर येतेच आहे.

माझ्याकडे सध्या काम कमी आहे. मशीन दोन दिवस बंद ठेवलं आहे.

तुझ्यावर लोभ आहेच.
ताई

१२ मार्च, गाडीतून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. शाल घेऊन बसते.

इथे पाहण्यासारखं फार काही नाही. गवत, तारेचं कुंपण, मग पुन्हा गवत. एका ठिकाणी आमची गाडी बाजूला घेऊन उभी केली होती, शेजारून लांबलचक मालगाडी गेली. तिच्या ड्रायव्हरने मला हात केला. मीही केला. मग का कोण जाणे, पियानोच्या डब्यात गेले नाही, जेवलेही नाही. यांनी विचारलं काय झालं. सांगितलं, डोकं दुखतंय.

सेवकाला विचारलं, तर कळलं की ही गाडी तुमच्या शहरात दोन दिवस थांबून याच रस्त्याने परत फिरते. परतीला माणसं कमी असतात म्हणे, डबे रिकामेच असतात.

बाकी काय लिहू? तू जप स्वतःला. लोभ असू दे, आज फार लागतोय.
चिमणी

१५ मार्च

चिमणे,
आशीर्वाद वगैरे राहू देत.

काल मी तासभर आधी स्टेशनवर गेले. पिशवीत साबण आणि टॉवेल घेतला होता. आईची शेवटची ताकीद होती ती, तिला आधी उतरू दे, हात धुऊ दे, मग सांग. मी नळसुद्धा पाहून ठेवला होता, फलाटाच्या टोकाचा, त्याला पाणी येतं का तेही पाहिलं.

साहेब एकटे उतरले. बुटांकडे बघत म्हणाले, तिचं डोकं फार दुखतंय, आणि आम्ही याच गाडीने परत जायचं ठरवलंय. मग मी तुमच्या डब्याशी आले. खिडकीला पडदा होता. मी काचेवर बोटाने टकटक केली, लहानपणी मोरीच्या दारावर करायचे तशी. पडदा हलला, चिमणे. मी पाहिलं. हातमोजेवाला येऊन माझं तिकीट विचारू लागला, फार अदबीने. मी साबण-टॉवेल घेऊन घरी आले.

आता मी नियम मोडते. आई गेली. नऊ तारखेला, सकाळी. मेल यायच्या वेळेला तिने मला उठवून बसवायला सांगितलं. मी तिला सांगितलंच नव्हतं की तुला मेलने यायला लिहिलंय, पण इंजिनवाल्याची बायको ती, तिला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. निळा स्वेटर घातला, खुर्ची दाराकडे वळवली. मेलची शिट्टी आमच्या घरापर्यंत ऐकू येते. त्यानंतर बराच वेळ ती बसून होती. मग म्हणाली, पुढच्या गाडीने येईल. आणि मान टाकली.

वरातीमागून घोडं तरी येतं गं. तू तेवढंही केलं नाहीस.

पुढच्या खोलीत आता खुर्ची आणि मशीन एवढंच आहे. मशीन थांबलं तर घाबरणारं कोणी नाही, म्हणून मीच थांबवत नाही. गाडी उद्या सुटते. हे पत्र मी स्वतः स्टेशनवर नेऊन देतेय. वाचलंस की उतर, किंवा नको उतरूस. लोभ मागायचा राहिला, तो राहू दे.
ताई

१७ मार्च, परतीच्या गाडीतून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तबकात आलं. पाकीट जाड आहे. मी ते उघडलेलं नाही, उशीखाली ठेवलं आहे. सेवक उशी उचलतो, रचतो आणि पाकीट पुन्हा होतं तिथे ठेवतो.

ताई, तू मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतंस, जेवण मानवतंय का म्हणून. तुझं ते गोड पत्र वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. तरी मी उतरणार होते. खरंच उतरणार होते, बूट घातले होते. पडद्याच्या फटीतून तू दिसलीस, आणि पिशवीतून टॉवेलाचं टोक.

तुला बाळ्याच्या दिवशीचे बाबा आठवतात का? इंजिनावरून हसत उतरले, मला म्हणाले, आज गाडी अशी पळाली की पाखरं मागे पडली. नळावर कोपरापर्यंत साबण लावत होते, गाणं म्हणत होते. मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मला वाटत होतं, त्यांचे हात कधीच धुऊन होऊ नयेत. मग आईने टॉवेल पुढे केला. त्यानंतर बाबा कधी गायले नाहीत.

गाडीतल्या माणसाला काही कळवायचं नाही, हा आईचाच शब्द आहे ना? मग तो तूही पाळ. हे पत्रही तू नियम मोडून लिहिलं असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून उघडत नाही. पुढल्या महिन्यात गाडी पुन्हा तिकडे येते. हे घरी उतरतील, मी उतरणार नाही.

मी निघाले आहे एवढं आईला सांग. म्हणावं, स्वेटर घालून बस, येतेच आहे.

लोभ आहे तिथेच असू दे.
तुझी, अजून गाडीतलीच,
चिमणी